तिसरं बाक, डावं टोक

"वाच. मोठ्यानं वाच. माझा चष्मा फुटलाय असं समज."

"मिस अर्लीन, चष्मा तुमच्या नाकावरच हाय."

"मग नाक फुटलंय असं समज. वाच म्हन्ते न्हवं."

रेनीटानं कागद घेतला. म्हातारी ओसरीवरच्या लोखंडी खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. मांडीवर पातेलं, पायाशी टरफलांचा ढीग. बोलताना तिची बोटं थांबत नसत, आजही थांबली नव्हती.

"जिल्हा आरोग्य खातं," रेनीटा वाचू लागली. "मोजणीत असं दिसून आलं की सदर घराचा मैला आणि सांडपाणी पाइपातून उघड्या जमिनीवर सोडलं जातं. साठ दिवसांच्या आत नियमाप्रमाणे टाकी आणि शोषखड्डा केला नाही तर..."

"तर?"

"तर कोर्टात उभं ऱ्हावं लागंल."

"ह्या गुडघ्यांनी? बसायला बाकडं तरी देतील का?"

एरवी या बोलण्यावर दोघी हसल्या असत्या.

"फुडं वाच. खाली बारीक लिवलंय त्ये."

"मोजणीचा बिंदू, ३-डा-१." रेनीटाचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"आन त्येच्या खाली? मोजणी कुनी केली म्हनून लिवलंय?"

रेनीटानं कागदाची घडी घातली. तिथं तिचंच नाव होतं. रेनीटा जोसेट मोसली, मधल्या नावासकट, ठळक अक्षरात, सगळ्यांच्या वर.

"मी न्हाई पाठवलं ह्ये, मिस अर्लीन."

"मी कुटं म्हनलं तू पाठवलंस? मी इचारलं नाव कुनाचं." म्हातारीनं एक शेंग फोडली, आत किडका दाणा निघाला, तो अंगणात भिरकावला. "एक्कावन वर्सं मी एकाच जागी बसत्ये. तिसरं बाक, डाव्या अंगाचं, पंख्याखालचं पयलं टोक. तीन, डा, एक. सातवीपातुरच शिकले, पन एवढं मला वाचता येतं."

टॅलो काउंटीची माती काळी. पावसात चिखल होऊन बुटाला धरते आणि उन्हात अशी भेगाळते की कोंबडीचं पिल्लू आत जावं. कापसाला एके काळी ही माती फार मानवली. पाण्याला मात्र ती मानवत नाही. वरचं पाणी वरच राहतं, पितच नाही. गावाकडच्या घरांना गटार कधी आलंच नाही. टाकी बसवायची तर खर्च घराच्या किमतीच्या वर, आणि बसवली तरी वर्षादोन वर्षांत तुंबून मैला न्हाणीत उलटा येतो. म्हणून ज्याला जमेल तसा त्यानं पाइप टाकला, मागल्या दारातून झाडीपर्यंत. पाइपाबद्दल कुणी बोलत नसे. पाहुणा आला तर पुढच्या ओसरीवर बसवायचा, मागच्या अंगणात कुणाला न्यायचं नाही, हा सगळ्या गावाचा न बोललेला नेम.

रेनीटा याच रस्त्यावर वाढली. तिच्याही घरामागं पाइप होता. पोरं चेंडू खेळत आणि चेंडू त्या बाजूला गेला की गेला, कुणी आणायला जात नसे. सहावीत असताना तिनं बाईंना विचारलं, पाणी खाली का जात नाही? बाई म्हणाल्या, देवाची मर्जी. देवाच्या नावावर ढकलायला हे जरा जास्तच आहे, असं तिला तेव्हाच वाटलं.

मग ती शिकली. स्थापत्यातली पदवी घेतली, त्यावरची घेतली आणि दोन तासांवरच्या विद्यापीठात पीएच.डी.ला लागली. मातीच्या प्रयोगशाळेत ती पहिल्या दिवशी किल्ली मागायला गेली, तर तिथल्या माणसानं तिला झाडूच्या खोलीची किल्ली काढून दिली. दुसऱ्या वर्षापर्यंत त्याला तिचं नाव आलं नव्हतं, पण "ती वेण्यांवाली" म्हणून तो सगळीकडे ओळख सांगायचा. साइटवर घालायचं हेल्मेट तिच्या वेण्यांवर बसत नसे. मोठं मागितलं तर विभागातला साहेब म्हणाला, केस कमी करता येतील. ती दोन वर्षं हेल्मेट दोरीनं बांधून हिंडली. रस्त्याकडेला माती काढत बसली की कुणी ना कुणी पोलिसांना फोन करायचा, काळी बाई खड्डा खणत्येय म्हणून. शेवटी तिनं भगवं जाकीट घातलं आणि हातात कागद लावायची फळी घेतली. भगवं जाकीट घातलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

तिसऱ्या वर्षी डॉक्टर ब्रॅनम आल्या. कॅरोल ब्रॅनम, शिकागोकडच्या, पन्नाशीच्या, आणि रेनीटाच्याच रंगाच्या. त्या मजल्यावर तोवर असं कुणी प्राध्यापक म्हणून आलं नव्हतं. आल्या त्या आठवड्यात त्यांनी रेनीटाचं दोरीनं बांधलेलं हेल्मेट पाहिलं. पंधरा दिवसांनी तिच्या टेबलावर एक खोकं आलं, आत मोठ्या मापाचं हेल्मेट. चिठ्ठी नाही, काही नाही.

रेनीटा त्या दिवशी संडासात जाऊन रडली होती. तिथं रडायला ती लाजली नाही, कारण बाईचं रडणं ऐकायला त्या मजल्यावर डॉक्टर ब्रॅनम सोडल्या तर दुसरी बाईच नव्हती.

पुढं त्या तिच्या गाइड झाल्या. पात्रता परीक्षेला रेनीटाकडं धड कोट नव्हता तेव्हा त्यांनी आपला राखी ब्लेझर काढून दिला. "आधी माफी मागून बोलायला सुरुवात करू नकोस," एवढंच सांगितलं. ती पास झाली. ब्लेझर परत द्यायला गेली तर म्हणाल्या, "व्हायवाला लागेल. ठेव."

अशा माणसाला घरी न नेऊन कसं चालेल?

ऑगस्टातल्या चौथ्या रविवारी हेब्रॉन चर्चचा गावी परतायचा सण असतो. डेट्रॉइटपर्यंत गेलेली पोरं, नातवंडं परत येतात आणि उपासनेनंतर झाडाखाली लांबलचक टेबलं लागतात. रेनीटानं डॉक्टर ब्रॅनमना त्या दिवशी गावी आणलं. रेव्हरंडांनी पाहुण्यांना उभं राहायला सांगितलं, तेव्हा त्या उभ्या राहून म्हणाल्या की माझी पणजी याच मातीतून उत्तरेला गेली. "मग तू घरीच आलीस की," मिस अर्लीन जागेवरनं बोलली, आणि सरकून तिनं आपलं टोक त्यांना दिलं. तिसऱ्या बाकाचं ते टोक. तिथं पंख्याचं वारं थेट लागतं. त्या टोकासाठी तिनं सख्ख्या बहिणीशी नऊ वर्षं अबोला धरला होता.

जेवताना डॉक्टर ब्रॅनम प्रत्येकापाशी गेल्या. तळलेली कोंबडी खाल्ली, रताळ्याची गोड पाई दोनदा घेतली, नावं विचारली. "तुम्ही पाचव्या बाकावर उजवीकडे होता ना? मिस्टर होझेआ?" असं म्हणून सगळ्यांना हसवलं. हुशार बाई. एकदा ऐकलेलं विसरत नसत.

त्यानंतर दोन वर्षं रेनीटा गिरमिट घेऊन घरोघरी फिरली. काम साधं असतं. अंगणात हातभर खोल भोक पाडायचं, आदल्या दिवशी पाणी घालून भिजवायचं, दुसऱ्या दिवशी परत भरायचं आणि काठी लावून तासात किती इंच उतरलं ते लिहायचं. चांगल्या जमिनीत पाणी बघता बघता जातं. टॅलोत तासाभरानं ते तसंच वर बघत असायचं.

काम साधं होतं, मागच्या अंगणात पाऊल टाकणं साधं नव्हतं. पाइप दिसणार होता. मिस अर्लीननं पहिल्यांदा होकार दिला आणि मग बाकीच्यांनी दिला. रेनीटानं प्रत्येक दारात शब्द दिला: तुमचं नाव कुठल्याच कागदावर येणार नाही, पत्ता येणार नाही, मातीशिवाय काही बाहेर जाणार नाही.

तो शब्द पाळायला तिनं एक युक्ती केली. घरांना नंबर द्यायचे, पण रस्त्याच्या क्रमानं दिले तर कुणीही ओळखील. म्हणून चर्चमधल्या बाकांवरून दिले. कोण कुठं बसतं हे हेब्रॉनमध्ये प्रत्येकाला पाठ, आणि बाहेरच्या माणसाला उभ्या जन्मात कळणार नाही. चौऱ्याऐंशी घरं, चौऱ्याऐंशी जागा. आपल्या डोक्यावर ती त्या दिवशी खूश होती. बाहेरचं एक माणूस आपणच हाताला धरून त्या बाकावर बसवलंय, हे तिच्या मनातही आलं नाही. ते माणूस बाहेरचं आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

ओसरीवरनं उठून रेनीटा तशीच ट्रकात बसली, चिखलाच्या बुटांनी. दुपारी विद्यापीठात पोचली तेव्हा डॉक्टर ब्रॅनम दही खात होत्या.

"बस. आनंदाची बातमी सांगायची होती, आलीस ते बरं झालं. राज्याचा निधी आपल्याला मंजूर होतोय."

रेनीटानं नोटीस टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली. चमचा खाली ठेवला.

"इतक्या लवकर निघतील असं मला वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"बाकांचे पत्ते कुणी लावले?"

"मी. निधीच्या अर्जाला घरांचे पत्ते लागतात. '३-डा-१' वाचून सरकार टाकी बसवत नाही, रेनीटा. शेवटची तारीख होती, तू त्या आठवड्यात मोजणीवर होतीस. बाकावरून नाव, नावावरून काउंटीच्या यादीतला पत्ता, असे मी दोन दिवस बसून एकटीनं सगळे लावले." दह्याचा डबा बाजूला सारून त्या म्हणाल्या, "चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी. एकही चुकला नाही. मला ती माणसं इतकी लक्षात होती."

हे त्या प्रेमानं बोलत होत्या, हे रेनीटाला कळत होतं. तेच तिला सहन होईना.

"मला फोन करायचा."

"तू नाही म्हणाली असतीस."

"व्हय. म्हनलेच असते."

इतक्या वर्षांत या खोलीत ती असं बोलली नव्हती. इथं ती पुस्तकातलं बोलायची, तोलून मापून. डॉक्टर ब्रॅनमनी मान वर केली.

"नोटिसा आरोग्य खात्याच्या आहेत, माझ्या नाहीत. अर्ज त्यांच्याकडूनच पुढं जातो. आधी नियमभंगाची नोंद, मग मदत, अशी पद्धत आहे त्यांची. पहिल्या टप्प्यात टाक्या बसतील."

"कुणाला?"

"ज्यांच्या नावावर जमिनीचा स्वच्छ कागद आहे त्यांना."

"किती घरं त्येंत?"

डॉक्टर ब्रॅनमनी नोटिशीची घडी सरळ केली.

"अकरा," रेनीटा म्हणाली. "तिसऱ्या प्रकरणात लिवलंय मी. बाकीची त्र्याहत्तर घरं वारसांच्या जमिनीवर हायत. पणज्यानं घेतली, मृत्युपत्र केलं न्हाई, आता एकेका घराला चाळीस वारस, निम्मे कुटं हायत त्येंचं त्येंना ठावं. त्येंना टाकी न्हाई, नुस्ती नोटीस. तुमी वाचलंय त्ये प्रकरण. त्या पानावर तुमी एक स्वल्पविराम घातला हाय, हिरव्या शाईनं."

"दुसऱ्या टप्प्यात..."

"मिस अर्लीन ब्याऐंशीची हाय."

खिडकीबाहेर कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं. डॉक्टर ब्रॅनमनी उठून खिडकी लावून घेतली.

"अहवालावर तुझं नाव पहिलं टाकलंय मी," डॉक्टर ब्रॅनम म्हणाल्या. "माझ्याही आधी. माझ्या पहिल्या अहवालावर माझं नाव आठवं होतं, आणि काम सगळं माझं होतं. मी तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही."

"त्या अहवालाचं पयलं पान प्रत्येक नोटिशीला जोडलंय. चौऱ्याऐंशी घरांत माझं नाव गेलंय. गावात माझं नाव एवढं कवाच झालं न्हवतं."

"बारा तारखेला तुझी व्हायवा आहे. रागात काही करू नकोस. एक दिवस तूही या खुर्चीत बसशील, तेव्हा कळेल."

"त्या खुर्चीत बसायला म्हातारीला बाकावरनं उठवायचं व्हय?"

"आकडे मागे घेता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज आता खात्याचा झाला होता. "मोजणीचे आकडे विद्यापीठाचे आहेत."

"मग प्रबंधातलं घरांच्या नकाशाचं प्रकरण मी मागं घेते. त्ये अजून माझं हाय."

"त्याच्याशिवाय प्रबंध उभा राहत नाही."

"ठावं हाय मला."

रविवारी रेनीटा चर्चला गेली. आईनं सांगितलं होतं, आज नको जाऊ. ती गेली. दारातच तिचे पाय थबकले.

कुणीच आपल्या जागेवर नव्हतं. मिस्टर होझेआ पाचव्या बाकावरून उठून पहिल्यावर गेले होते. गायकवृंदातल्या बायका मागं बसल्या होत्या. जिथं एखाद्या म्हातारीला शिंक आली तरी कुठल्या बाकावरनं आली हे न बघता सांगता येत होतं, तिथं सगळं गाव पत्त्यांसारखं पिसून ठेवलेलं. तिसऱ्या बाकाचं डावं टोक रिकामं. पंखा त्या रिकाम्या जागेवर वारा घालत होता. मिस अर्लीन आठव्या बाकावर, भिंतीकडं, हातातल्या पुठ्ठ्यानं स्वतःला वारा घालत बसली होती. तिनं वळून बघितलं नाही.

रेनीटा दाराजवळ उभी राहिली. बसायला कुठं जागा आपली म्हणावी, ते तिला कळेना.

उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा ती होती तिथनंच बोलली. "कागदावर नाव माझं हाय. शब्द बी माझाच व्हता. पत्ते मी दिले न्हाईत, पन ज्यानं दिले त्या मानसाला मीच हितं आनलं व्हतं." मग तिनं कामाचं सांगितलं. आरोग्य खातं म्हणतं शोषखड्डा करा. माती पाणी पितच नाही, तर केलेला खड्डाही तुंबणार, हे आकड्यानं दाखवता येतं. जुने आकडे आता तिच्या हातात नाहीत. परत खणायला लागेल, घर अन् घर. आकडे घरमालकाचे राहतील. "ज्येला नको त्येनं नको म्हना. मी दार वाजवून उभी ऱ्हाईन, आत येनार न्हाई."

हेब्रॉनमध्ये कुणी नुसतं खाकरलं तरी मागनं एखादा 'आमेन' येतो. त्या दिवशी आला नाही. मिस्टर होझेआंनी गळा साफ करून पुढचं गाणं सुरू केलं.

सोमवारी तिनं प्रकरण मागं घेत असल्याचं विद्यापीठाला लिहून कळवलं. डॉक्टर ब्रॅनमचं उत्तर दोन ओळींचं आलं. मला वाईट वाटलं. ब्लेझर तुझ्याकडेच ठेव.

मंगळवारी सकाळी सातला फोन वाजला.

"गिरमिट घिऊन ये," मिस अर्लीन म्हणाली. "ट्रक मागं लाव. फुडची फुलं चिरडू नगंस." फोन ठेवला.

दिवसभर भोक भिजत घातलं. बुधवारी ती परत गेली तेव्हा म्हातारी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसलेली. रेनीटा ट्रकातून गिरमिट काढू लागली तशी म्हातारीनं सीटवर पसरलेला राखी कपडा बघितला. त्यावर वाळलेल्या चिखलाचे पोपडे होते.

"चांगल्या कापडाचा दिसतोय."

"सीट खराब हुतीय म्हनून टाकलाय."

म्हातारीनं हात पुढं केला. "काठी हिकडं दे," म्हणाली. "मी धरनार. वही बी."

रेनीटानं दिली. म्हातारीनं वही आपल्या एप्रनच्या खिशात घातली, वर हात ठेवला. पाइपाचा वास वाऱ्यावर येत होता. दोघींनी नाक मुरडलं नाही. पाणी भरून तास लावला आणि दोघी त्या भोकाकडं बघत बसल्या.

"आठव्या बाकावर पंखा पोचत न्हाई," मिस अर्लीन म्हणाली. "उकडून मेले रविवारी."

"मग परत जावा की आपल्या जागी."

"जाईन. कवा जायचं त्ये मी ठरवीन."

तास झाला. म्हातारीनं काठी लावली, चष्मा कपाळावर सारला, डोळा काठीला टेकवला.

"अर्धं बोट बी न्हाई."

"इंचात बगा."

"इंचाचा आठवा भाग. लिवू?"

"लिवा."

तिनं वही काढून मोठ्या गोल अक्षरात लिहिलं आणि परत खिशात घातली. रेनीटानं बघायला हात पुढं केला होता, तो मागं घेतला.

"एका घराला दोन भोकं पाडली व्हतीस न्हवं मागल्या टायमाला?"

"व्हय. तीस फुटांवर दुसरं."

"मग बसलीस काय?"

रेनीटा उठली, पावलांनी तीस फूट मोजले, गिरमिटाचं टोक काळ्या मातीत रोवलं आणि अंगाचा भार देऊन फिरवायला लागली.